वाजवतं का कोणी

पिएदाद, काल फोनवर एवढंच विचारलंस
आणि लाईन गेली.
म्हणून आता सांगते, मशीन झाकून ठेवल्यावर.

तुझ्या भावाच्या बिस्किटांच्या डब्यात
नऊ माउथ ऑर्गन निघाले.
तू म्हणाली होतीस सात.
दोन त्याने तुझ्यापासूनही लपवले असणार.
बंदरागणिक एक, असं सांगायचा कायतान,
आणि नऊ बंदरं मिळून त्याला येत होती
एकच चाल, तीही निम्मी.
अडला की खोकायचा,
म्हणायचा, बाकीची पुढच्या सुट्टीत.

सगळ्यांत मीठ शिरलेलं.
एकाचं लाकूड तर असं फुगलेलं
की ओठात कुसळ गेलं.

वर्षभर शोकेसमध्ये ठेवून पुसले, खरंच.
मग एका रविवारी शेवटे आणलेले, सुरी सापडेना,
आणि हाताशी त्या फुगलेल्याचं सुटं झाकण.
काय सांगू गो,
लग्नाच्या झग्यावरच्या टिकल्या उसवाव्यात
तसे खवले उडाले.
त्यावर कसलंसं पदक कोरलंय, परक्या लिपीतलं नाव आहे.
आता माशाचा वास जात नाही.
रागावू नकोस.
त्याचीच एक जीभ, पितळेची, सगळ्यात बारकी,
मशीनच्या दातांतला धाग्यांचा मळ काढते.
बाजारातली कुठलीच सुई तिथवर पोचत नाही.

पोदेराच्या पोराचा भोंपू चिरला, तो एक घेऊन गेला,
सायकलच्या दांड्याला तारेने बांधला.
कपेलाच्या उतारावर वारा भरतो
आणि दहाही भोकं एकदम ओरडतात.
कोंबड्या बाजूला, म्हातारे बाजूला,
तुझ्या भावाचं कुठलंतरी बंदर
रोज सकाळी पाव घेऊन येतं.
चढावर मात्र मुकं.
वरच्या वाड्यातल्या बायका भांडतात,
आम्हाला कळतच नाही तो कधी गेला.

मडगावचा एक मुलगा आला होता, जुनी वाद्यं जमवणारा.
झाकणाचा वास घेऊन म्हणाला, मावशी, हे पाप आहे.
मी म्हटलं, खिडकीतला ने, तो अख्खा आहे.
त्याने उचलला, उलटा केला, हळूच परत ठेवला.
कुंभारीण माशीने त्याची सगळी भोकं लिंपलीत,
खाणीच्याच तांबड्या मातीने,
कडा अशा की माझी काजंही इतकी नीट होत नाहीत.
आत तिची पोरं.
मी ती खिडकी लावत नाही.

आता गुणाजीचं.
कुडचड्याच्या सगळ्या बायका विचारतात, तू नाही विचारलंस,
ते बरं केलंस.
खाण बंद झाली, त्याच्या छातीतली चालू आहे.
डॉक्टरणीने प्लास्टिकचं यंत्र दिलं, त्यात तीन निळे गोळे,
तिसरा त्याच्याने कधी हलला नाही.
एक दिवस यंत्रच माडाच्या मुळात फेकलं.
मग डब्यातला एक त्याने आपणहून उचलला.
पिएदाद, हे मला माहीत नव्हतं,
फुंकलं तर वाजतोच, पण श्वास आत ओढला तरी वाजतो.
बासरीवाला श्वास चोरून घेतो,
याला चोरता येत नाही.
पहाटे पायरीवर बसतो. चौथं भोक.
बाहेर. आत. बाहेर.
मी आत हेम घालता घालता आकडे मोजते.
नाताळात सहापर्यंत जायचे, आता अकरा,
थंडी असली तर नऊ.
शेजारीण म्हणाली, कुठलं गाणं हे?
म्हटलं, गाणं नव्हे, डोस आहे.
ती हसली. मी हसले नाही.

तर वाजवतं का कोणी?
तू म्हणतेस तसं नाही.

उरलेले पाच कापडी पिशवीत, खुंटीला आहेत.
येशील तेव्हा बघ, हवे तर ने.
डबा तेवढा मागू नकोस.
त्याचं झाकण घट्ट बसतं,
आणि चवथीच्या नेवऱ्या
दुसऱ्या कशात कुरकुरीत राहत नाहीत.